दिगंबरला भेटायला मांजरीला

चिरंजीव ईशान आणि मीरा,

मागच्या आठवड्यात तुमच्या बाबांनी ई-मेलवर तुमचा फोटो पाठवला. ईशानच्या अंगात चंदेरी अंगरखा, मीराचे कान टोकदार, आणि मध्ये टीव्हीवरचा तो उंच नट. खाली मीराने लिहिलं होतं, "आजी, आम्ही तीन तास रांगेत उभे होतो! तू कधी अशी कुणाला भेटायला गेली होतीस का?" आजोबांनी चष्मा लावून फोटो पाहिला, "शाळेचा नवा गणवेश दिसतोय," म्हणाले आणि पेपर वाचायला गेले.

गेले होते, बाळांनो. चार वर्षांपूर्वी, दोन दिवस, पुण्याच्या पुण्यातच. पण त्या दोन दिवसांत माझ्या हातून एक चूक झाली आणि ती क्रमाने सांगितल्याशिवाय कळायची नाही, म्हणून हे लांब पत्र. तुमच्या शालनआजीची परवानगी घेतली आहे. त्या म्हणाल्या, "लिहा वहिनी. पण लिहिताना स्वतःला सोडवून घेऊ नका."

शालनआजी म्हणजे आजोबांची धाकटी बहीण, माझ्या शालनवन्सं. त्या वेळी मराठीत रोज संध्याकाळच्या मालिका सुरू झाल्या होत्या आणि त्यातल्या एकीचं सगळ्या कोथरूडला वेड लागलं होतं. तिचं नाव लिहीत नाही; आता शोधूनही ती सापडणार नाही. तिच्यात दिगंबर नावाचा थोरला भाऊ होता. घरात कुणाचं काही बिघडलं की तो खुर्ची ओढून समोर बसायचा आणि हळू आवाजात समजूत काढायचा. मला त्याचा पहिल्यापासून संशय होता. इतका शहाणा माणूस कामावर कधी जातो, हे कुणीच कधी दाखवलं नाही.

शालनवन्संचे यजमान मुकुंदराव एका दुपारी झोपेतच गेले. त्या वेळी वन्सं बाहेरच्या खोलीत आदल्या दिवशीचा भाग पुन्हा पाहत होत्या. भाग संपल्यावर चहा घेऊन आत गेल्या, तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, शेजारी बसून असतात तरी कळलं नसतं. ते त्यांच्या कानात शिरलं नाही. आम्ही त्यांना आमच्याकडे आणलं, पण त्या धड जेवत नसत, टीव्ही लागला की उठून जात. एकच वाक्य धरून बसल्या होत्या, "मी टीव्ही बघत होते."

मग कुणाला न सांगता त्यांनी पत्र लिहिलं. नटाला नव्हे, दिगंबरला. पत्ता मालिकेच्या शेवटी पडद्यावर यायचा. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, हाताने लिहिलेलं, खाली "तुमचा दिगंबर". वन्संनी ते मला वाचायला दिलं. त्यात होतं, "ताई, तुम्हीच लिहिलं आहे की त्यांची झोप मोडू नये म्हणून तुम्ही आवाज अगदी कमी ठेवला होता. ज्या बाईला नवऱ्याचा विसर पडतो ती आवाज कमी ठेवत नाही."

त्या दिवशी वन्संनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला. पत्रं पुढेही चालू राहिली. त्या बागेत जाऊ लागल्या, पेटी वाजवू लागल्या.

दीड वर्षाने मालिकेतला दिगंबर बदलला. एका सोमवारी पडद्यावर पाटी आली की आजपासून ही भूमिका दुसरे नट करतील, आणि नाक, डोळे, उंची सगळंच निराळं असलेला एक माणूस तीच खुर्ची ओढून बसला. पडद्यावरच्या घरात कुणालाच फरक जाणवला नाही. मालिकेतल्या त्याच्या सख्ख्या आईलासुद्धा नाही. वन्संना आलेलं पुढचं पत्र मात्र जुन्याच अक्षरात होतं. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि ढिगाने पेपर तपासले. नाव झाकलं तरी कुणाचा पेपर ते मला कळे. ह्या अक्षरात ळची दोन पोटं वेगवेगळ्या मापाची होती आणि शिरोरेघ शब्द पुरा झाल्यावर एका झटक्यात, किंचित वर चढत जाणारी. म्हणजे पत्रं ह्याचीही नव्हती आणि त्याचीही नव्हती. कुणीतरी पगारी माणूस टेबलाशी बसून लोकांची दुःखं निकालात काढत असणार, असं मी मनात ठरवलं. वन्संना बोलले नाही. त्या कशाच्या आधारावर उठून उभ्या राहिल्या होत्या ते मला ठाऊक होतं.

अशात मालिकेवाल्यांनी हडपसरपलीकडच्या मांजरीला एका लॉन्सवर दोन दिवसांचा प्रेक्षक मेळावा ठेवला. शनिवारी दिगंबरचं घर पाहायचं, रविवारी जुना आणि नवा असे दोन्ही दिगंबर भेटणार. वन्संनी दोन पास मिळवले.

"समोर उभं राहून आभार मानायचेत मला त्यांचे."

"कुठल्या दिगंबरचे?" मी विचारलं.

"ज्यांनी ते पहिलं पत्र लिहिलं त्यांचे. जुने."

तो माणूस "कसलं पत्र?" असं म्हणेल आणि ह्या पुन्हा न जेवता बसतील, हे मला लख्ख दिसलं. त्यांना एकटं सोडणं शक्यच नव्हतं.

शनिवार सकाळ: कोथरूड ते मांजरी

पास फुकट होते, हेच मला खटकत होतं. फुकट म्हणजे तिथे गेल्यावर काहीतरी गळ्यात मारणार. मी पासांच्या झेरॉक्स काढून दोघींच्या पिशव्यांत एकेक ठेवली. शिवाय पाण्याच्या बाटल्या, सेफ्टीपिना, ओव्याची डबी, एकेक जादा साडी. वन्सं, दोन्ही दिवस हीच असं ठरवून, जांभळ्या रंगाची, बारीक जरीच्या काठाची साडी नेसून अर्धा तास आधीच दारात उभ्या होत्या.

हडपसरच्या बसमध्ये कंडक्टरने त्यांच्याकडे पाहून विचारलं, "काय काकू, लग्न का?"

"नाही हो, मांजरीला. दिगंबरला भेटायला."

कंडक्टरने पंचने कान खाजवला. "नवा आल्यापासून मी बघायचं सोडलं. माझी बायको बघते. ती म्हणते, आवाज तोच आहे. म्हटलं, तुला माझा आवाज ओळखू येत नाही, त्याचा बरा येतो."

"तुम्ही तिच्याशी हळू बोलता का त्याच्यासारखं?" वन्संनी विचारलं.

"काकू, हळू बोललो तर बसमध्ये तिकीट कोण काढेल?"

हडपसरला उतरून पुढे सिक्स-सीटर रिक्षा. नावात सहा, आत आम्ही अकरा. ड्रायव्हर म्हणाला, "बसा की आज्जी, लई जागा हाय." ती जागा त्याच्या स्वतःच्या सीटचा अर्धा भाग निघाली. मी उभा दांडा धरून, एक पाय हवेत, अशी मांजरीला पोचले. वाटेत एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला नव्या सोसायट्यांच्या कमानी. उसातून बैलगाडी बाहेर पडत होती आणि तिला वाट देत कंपनीची काचबंद बस उभी होती. आत गळ्यात ओळखपत्रं घातलेली मुलं झोपली होती, शनिवार असूनही. मला वाटलं, ह्यांचे आईवडील गावी सांगत असतील, मुलगा पुण्यात आहे. आणि मुलाने पुणं पाहिलंच नसेल.

शनिवार दुपार: दिगंबरचं घर

माझा संशय फाटकातच खरा ठरला. डाव्या हाताला प्रेशर कुकर, उजव्या हाताला फ्लॅटच्या बुकिंगचं टेबल. टेबलामागचा टायवाला तरुण प्रत्येकाला म्हणत होता, "दिगंबरदादांचं घर पाहून या, मग तुमचं दाखवतो."

"आमचं आम्ही रोज पाहतो," मी म्हटलं.

दिगंबरचं घर प्लायवूडचं होतं. तीन बाजूंना भिंती, चौथी बाजू उघडी, वर छप्पर नाही. दिवाणखान्यातल्या कपाटातली पुस्तकं म्हणजे नुसते चिकटवलेले कणे. दाराबाहेरचा जिना चार पायऱ्या चढून थांबत होता. इतकी वर्षं त्या घरातली माणसं वरच्या मजल्यावर झोपायला जात होती, ती ह्या चार पायऱ्यांवरून. मला फार समाधान वाटलं. वन्सं मात्र "अगदी तसंच आहे हो!" म्हणत दिगंबरच्या खुर्चीवर बसून फोटो काढायच्या रांगेत लागल्या.

ईशान, तुमच्याकडे लोक नटासारखे कपडे घालून जातात. इथे तसं कुणी नव्हतं. इथे बायका नातलगांकडे जावं तशा आल्या होत्या. मालिकेतली धाकटी सून तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती, म्हणून कितीतरी जणींनी खण-नारळ आणले होते, एकीने तर फुलांचे दागिने. ती मुलगी आली ती जीन्समध्ये, सडपातळ. मग मागून एक आजी मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, हिचं पोट कुठे गेलं?" पण ओटी भरलीच सगळ्यांनी. ती बिचारी नको नको म्हणत होती. तिचं लग्नही झालेलं नव्हतं.

पुढच्या मांडवात मोठे फलक लावले होते: "तुमची पत्रं, आमची श्रीमंती." फलकांवर प्रेक्षकांची पत्रं टाचण्यांनी टोचून ठेवली होती. सुनेने छळलेल्या, मुलाने टाकलेल्या, दुकान बुडालेल्या माणसांची ती पत्रं लोक वडापाव खात वाचत होते. वन्सं तिकडे रांगेत आहेत तोवर मी एकेक फलक ओळीने तपासला, पेपर तपासते तसा. वन्संचं पत्र नव्हतं. पुन्हा तपासला. नव्हतं.

आणि मान वळवली तेव्हा मला ते अक्षर दिसलं. दिगंबरचा चष्मा, दिगंबरची छत्री अशा वस्तू मांडल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे हाताने लिहिलेलं कार्ड होतं. काळा चष्मा नव्हे, काळजीचा चष्मा, असं काहीतरी एकावर होतं. ळची दोन पोटं वेगळी. शिरोरेघ वर चढत गेलेली.

"ही कार्डं कुणी लिहिली?" मी तिथल्या व्यवस्थापकाला विचारलं.

"ती होय? आमच्या गंगूमावशींनी."

मालिकेत गंगूमावशी म्हणून एक स्वयंपाकीण होती. ती चहाचा ट्रे आणून ठेवायची, "गार होतोय हो" म्हणायची आणि जायची. चार वर्षांत याहून लांब वाक्य तिला मिळालं नव्हतं. ती मला प्लायवूडच्या स्वयंपाकघरात सापडली. मालिकेतलंच लुगडं नेसून, हातात रिकामा ट्रे घेऊन, लोकांनी फोटो काढावा म्हणून तिला उभं केलं होतं. कुणी काढत नव्हतं. तिचं खरं नाव निर्मला. पन्नाशीची, डोळ्यांखाली काळं, बोलणं अगदी शांत.

मी सरळ विचारलं, "दिगंबरच्या नावाने पत्रं तुम्ही लिहिता?"

त्यांनी ट्रे खाली ठेवला. "कुणाला आली होती?"

"शालन, कोथरूड."

"आवाज कमी ठेवला होता, त्या," निर्मलाबाई लगेच म्हणाल्या. "त्या आल्यात?"

मला राग आला होता तो कुठे ठेवावा ते कळेना. त्यांनी सांगितलं की त्यांचा शॉट दिवसातून एकदा, तोही कधी लागेल ते ठरलेलं नाही. सकाळपासून मेकअप करून बसून राहायचं. एक दिवस कुणीतरी पत्रांची पोती त्यांच्यापुढे टाकली आणि म्हणालं, मावशी, तुमचं अक्षर बरं आहे, नुसत्याच बसलाय तर उत्तरं लिहून टाका. काय लिहायचं ते कुणी सांगितलं नाही आणि काय लिहिलं ते कुणी पाहिलंही नाही.

"त्यांचं पत्र ह्या फलकांवर मी जाऊ दिलं नाही," त्या म्हणाल्या. "ते माझ्या घरी आहे."

मी मुद्द्यावर आले. "उद्या त्या जुन्या नटाचे आभार मानणार आहेत. त्यांना हे कळता कामा नये."

"कळायचं नाही. पण दादांना काही आठवणार नाही हो. त्यांना त्यांचे संवादही आठवायचे नाहीत, मीच ट्रेवर कागद चिकटवून आणायचे."

आता माझी चूक ऐका. तीस वर्षं मी कॉपी करणारी मुलं पकडली. बाहीतल्या, बुटातल्या, कंपासपेटीतल्या चिठ्ठ्या पकडल्या. त्या दुपारी मी स्वतः चिठ्ठी लिहिली. माझ्या स्वभावाप्रमाणे नीट, मुद्देसूद: "जांभळी साडी. नाव शालन. दुपारी मालिका लावलेली असताना यजमान झोपेत वारले. तुम्ही लिहिलं होतं: ज्या बाईला नवऱ्याचा विसर पडतो ती टीव्हीचा आवाज कमी ठेवत नाही. एवढं एक वाक्य म्हणा." निर्मलाबाईंनी ती वाचली. "एवढं सगळं लिहायला हवं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "अर्धवट माहितीने घोटाळे होतात." त्यांनी चिठ्ठी कमरेला खोचली.

शनिवार संध्याकाळ: सुजाताकडे

मुक्काम मांजरीतच, सुजाताकडे. ही अमरावतीची मुलगी; पहिल्या नोकरीला पुण्यात आली तेव्हा आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची. आता एका सॉफ्टवेअर कंपनीत इतरांच्या कामातल्या चुका शोधते. "तुमचंच काम करून राहिली मी, काकू," ती मला म्हणते. नवा फ्लॅट, खिडकीतून ऊस, हॉलमध्ये बुद्धमूर्तीपुढे ताजी पांढरी फुलं, आणि नळाला पाणी नाही म्हणून टँकरची वाट.

तिने पाटवडीचा रस्सा केला होता. आमच्याकडे आमटीत गुळाचा खडा पडल्याशिवाय ती उतरत नाही. इथे वरती लाल तर्री दोन बोटं. पहिल्या घासालाच मला उचकी लागली.

"तिखट होऊन राहिलं का जी?" सुजाताने विचारलं.

"नाही नाही," मी म्हटलं आणि डोळ्यांतून पाणी आलं.

"काकू, पुण्याचे लोक खोटंही किती सभ्यपणे बोलतात! पाणी नका पिऊ, भाकर खा."

वन्संना तो इतका आवडला की त्यांनी वाटी पुढे केली, आणि त्या नादात सगळा रस्सा त्यांच्या जांभळ्या साडीवर सांडला. आम्ही साबण लावला, लिंबू लावलं. डाग पसरतच गेला. शेवटी उद्या पिशवीतली जादा साडी नेसायची असं ठरलं. ती हिरवी होती. मी मनात फक्त एवढंच म्हटलं की जादा साडी आणली ते किती बरं केलं.

जेवणानंतर वन्सं सुजाताला सांगत होत्या, "मी काय म्हणणार ते पाठ केलंय. 'तुमच्यामुळे मी उठले', बस्स. रडायचं नाही असं ठरवलंय." मी भांडी पुसत होते. तेव्हा मी बोलायला हवं होतं.

रविवार: रांग

रविवारी लॉन्सवर मुंगी शिरायलाही जागा नव्हती. व्यासपीठावर दोन्ही दिगंबर शेजारी शेजारी, एकाच रंगाच्या कुर्त्यात. निवेदिका प्रत्येकीला माइक देत होती आणि एका माणसाला अर्धं मिनिट मिळत होतं. जुना नट जवळून पाहिला तर थकलेला दिसत होता. हसू मात्र तेच. त्याची मूठ मिटलेली होती. मूठ का मिटलेली असते ते मला लांबूनही कळतं. मी निर्धास्त झाले.

वन्सं रांगेत, मी कडेला. त्यांच्या पुढे एकच बाई होती. ठेंगणी, हसतमुख, तळव्यांवर मेंदी. साडी जांभळी.

ते पाहिलं आणि मला सगळं एकदम कळलं. मी दोरीखालून वाकून पुढे घुसले, तर एका स्वयंसेवकाने अडवलं. "आजी, रांगेत. वशिला चालणार नाही."

"अहो, त्यांना फक्त एक शब्द..."

"सगळ्यांना एकच शब्द असतो."

तोवर जुन्या नटाने त्या बाईचे दोन्ही हात हातात घेतले होते. डोळे ओलावून, दिगंबरच्या त्या हळू आवाजात, माइकवर तो म्हणाला, "शालनताई. मला तुमचं पत्र आठवतं. यजमान गेले तेव्हा तुम्ही आमची मालिका बघत होतात. पण मी तुम्हाला काय लिहिलं होतं? ज्या बाईला नवऱ्याचा विसर पडतो, ती टीव्हीचा आवाज कमी ठेवत नाही."

ती बाई बावरली. मग तिने माइक ओढून घेतला. "अहो, मी मंदा! आणि आमचे हे तिकडे वडा खातायत!"

सगळं लॉन्स हसलं. वडा हातात घेतलेल्या गृहस्थांनी हात वर करून आपण जिवंत असल्याचं दाखवलं, तेव्हा तर टाळ्या पडल्या. नवा दिगंबरही हसत होता.

वन्सं तिच्या मागे दोन हातांवर उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. निवेदिकेने माइक पुढे केला तो त्यांनी हाताने बाजूला सारला आणि व्यासपीठावरून उतरल्या. उतरताना त्यांनी गर्दीत मला शोधून काढलं. ते पत्र घरात फक्त मी वाचलं होतं.

फलकांच्या मागे रिकाम्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या, तिथे त्या बसल्या. मी जवळ गेले.

"तुम्ही सांगितलंत?"

"चिठ्ठी दिली होती."

"कशाला?"

"त्याला आठवलं नसतं वन्सं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"आठवलं नसतं की माहीतच नव्हतं?"

मी तेव्हाही क्षणभर हिशेब केला, किती सांगावं याचा. मग सगळं सांगितलं. दिगंबर बदलला तरी अक्षर बदललं नाही, तेव्हापासूनचं.

"आठ महिने तुम्हाला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "आणि मी प्रत्येक पत्र तुम्हाला वाचायला देत होते." त्या माझ्याकडे वळल्या. "मग मी कुणाचं ऐकून उठले, वहिनी?"

मी त्यांना घेऊन स्वयंपाकघरात गेले. निर्मलाबाई ट्रे घेऊन उभ्याच होत्या. माइकवरचं सगळं त्यांना ऐकू आलं होतं. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा उतरला. "मी दादांना हिरव्या साडीचं सांगितलं असतं... साडी बदलली ते मला माहीतच नव्हतं," त्या म्हणू लागल्या.

वन्संनी त्यांना थांबवलं. "ते तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"मनाने लिहिलंत? की कुठून उतरवलंत?"

मला वाटलं, आता ही बाई नटी आहे, काहीतरी छान बोलेल. निर्मलाबाई म्हणाल्या, "माझे वडील गेले तेव्हा मी सेटवर होते. असाच ट्रे धरून. शॉटच्या वेळी फोन बंद ठेवायला लावतात. भावाने अकरा वेळा केला होता."

"मग?"

"मग काय. शॉट झाला, फोन लावला, गेले."

"अजून वाटतं?"

"वाटतं कधी कधी. तुम्हाला?"

"मलाही," वन्सं म्हणाल्या. "पत्र आलं त्यानंतर कमी."

स्पीकरवरून पुढचं नाव पुकारलं जात होतं. मग वन्संनी दिगंबरच्या घरातली एक खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "बसा हो. सकाळपासून उभ्या असाल." निर्मलाबाई म्हणाल्या, शूटिंगच्या खुर्चीवर बसायची आम्हाला परवानगी नसते. "मी देते," वन्सं म्हणाल्या, आणि माझ्याकडे न पाहता, "वहिनी, जरा पाणी आणता?"

पाणी तिथेच माझ्या पिशवीत होतं. मला कळलं. मी लॉन्सच्या पार टोकाला जाऊन, कुकरवाल्याची सगळी प्रात्यक्षिकं पाहून, अर्ध्या तासाने परत आले. त्या दोघी समोरासमोर बसल्या होत्या आणि बोलत वन्सं होत्या. मी पुन्हा लांब जाऊन थांबले.

नंतर

परतीच्या प्रवासात वन्सं खिडकीशी बसल्या. घरी आल्यावर दहा-बारा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. "मीठ द्या", "दूध आलं". मी माफी मागितली ती त्यांनी ऐकून घेतली, एवढंच. पण त्या जेवत होत्या. तेवढ्यावर मी नजर ठेवून होते, आणि मी नजर ठेवून आहे हे त्यांना कळत होतं. एक दिवस पोळी वाढताना त्याच म्हणाल्या, "मोजू नका हो. दोनच खाणार आहे, चातुर्मास आहे."

मालिका पुढच्या वर्षी बंद पडली. नव्या दिगंबरने कुठल्याशा जाहिरातीत दात घासताना तोंड दाखवलं, जुन्याचं काय झालं ते ठाऊक नाही. लॉन्सच्या जागी अकरा मजल्यांच्या तीन इमारती आहेत. सुजाताच्या खिडकीतून आता ऊस दिसत नाही. निर्मलाबाईंना दुसऱ्या मालिकेत शेजारणीचं काम मिळालं आणि तिथे त्यांना पूर्ण वाक्यं आहेत.

त्या आणि शालनआजी अजून एकमेकींना लिहितात. दोघींकडे फोन आहे, तरी लिहितात. खाली सही "निर्मला" असते, असं मला सांगण्यात आलं आहे. टपालपेटीतून पाकीट मीच वर आणते आणि न फोडता त्यांच्या हातात देते. आतलं काही त्या मला वाचायला देत नाहीत.

तुमची,
आजी